सुप्रभातच्या पुढची ओळ

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकतीस माणसं आहेत. बडोद्यात आम्ही आणि आत्या, इंदूरला थोरले काका, हैदराबादला धाकटे काका, बाकी आते-चुलत भावंडं पुण्यापासून टोरांटोपर्यंत विखुरलेली. सकाळी सहाला पहिलं सुप्रभात येतं. मग फुलं, समया, उगवता सूर्य, कुणाचा तरी वाढदिवस, त्यावर तीस शुभेच्छा आणि तीस शुभेच्छांवर एक 'सगळ्यांचे आभार'. तुमच्याही घरचा ग्रुप असाच असणार. आणि माझ्यासारखाच तुम्हीही तो म्यूट करून ठेवला असणार.

यंदा मार्चमध्ये मला हा ग्रुप पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चाळावा लागला. कारण होतं पैशांचं.

दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. पणजोबांनी बांधलेलं, लाकडी जिन्याचं, अंगणात हापसा असलेलं. आता तिथे आत्या एकटी राहते. ती भावंडांत सगळ्यांत मोठी, वय ७४. मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. आम्ही राहतो मांजलपूरला, म्हणजे स्कूटरवर वीस मिनिटं. २०२० पासून त्या घराची थोडीथोडी डागडुजी चालू होती. आधी छपराचे पत्रे, मग मागची भिंत, मग नळाची पाइपलाइन. तिघं भाऊ जमतील तसे पैसे मिस्त्रींना पाठवायचे आणि ग्रुपवर एक ओळ टाकायचे, 'पत्र्यांचे १२,००० दिले.' वेगळी वही कुणी ठेवली नाही. घरच्यांचाच तर हिशेब, वही कशाला?

मिस्त्रींच्या वहीत मात्र सगळं होतं. मार्चमध्ये त्यांनी एकूण जमा सांगितली, ३,१२,००० रुपये. थोरले काका म्हणाले, आता कुणी किती दिले ते एकदा मांडू आणि समान वाटून घेऊ. धाकटे काका म्हणाले, "मी लाखाच्या खाली दिलेच नाहीत." थोरले म्हणाले, "माझ्या आठवणीत तुझे सत्तरच्या आसपास आहेत." आठवण हा शब्द धाकट्या काकांना लागला. मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि आमंत्रण कुणाला फोनवर द्यायचं, कुणाला नुसती पत्रिका पाठवायची, यावर हैदराबादमध्ये विचार चालू असल्याचं आईच्या कानावर आलं. बाबा मधले, त्यामुळे दोन्हीकडचे फोन त्यांनाच. शेवटी एका रात्री ते माझ्या खोलीत येऊन म्हणाले, "अगं, सगळं ग्रुपवर लिहिलेलं आहे ना? तू कॉम्प्युटरवाली आहेस. काढ की शोधून."

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. हजारो ओळींच्या लॉगमधून नको त्या ओळी गाळून हव्या त्या काढणं हे माझं रोजचंच. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

चॅट उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून 'एक्सपोर्ट चॅट' केलं, फोटो-व्हिडिओ वगळले. एक साधी मजकुराची फाइल मिळाली, ४७,३१२ ओळींची. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला तारीख, वेळ, नाव, मग मजकूर. फोटो असेल तिथे फक्त 'मीडिया ओमिटेड'.

आता ज्यांनी कधी स्क्रिप्ट लिहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. हे फार सोपं असतं. पायथनमध्ये मी सात ओळी लिहिल्या. त्यांचा मराठीत अर्थ एवढाच: फाइल उघड. एकेक ओळ घे. ओळीला प्रश्न विचार. उत्तर 'नको' आलं तर सोडून दे, नाहीतर नव्या फाइलमध्ये लिही. सगळी करामत त्या प्रश्नात असते.

ही कल्पना माझ्या आईबाबांच्या लग्नाहून जुनी आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी 'ग्रेप' नावाचा छोटा प्रोग्रॅम दिला. 'एड' नावाच्या जुन्या संपादकात 'संपूर्ण फाइलभर हा नमुना शोध आणि सापडलेल्या ओळी छाप' अशी एक आज्ञा होती, तिच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. ग्रेपला नमुना द्यायचा, तो जुळणाऱ्या ओळी दाखवतो. सोबत उणे व्ही असं लिहिलं की उलटं होतं, जुळणाऱ्या ओळी गाळून उरलेल्या दाखवतो. स्वयंपाकघरातली उपमा द्यायची तर पहिलं वेचणं, दुसरं निवडणं. आपण वाटाण्याचे दाणे वेचतो आणि तांदळातले खडे निवडून टाकतो. पन्नास वर्षं झाली, अजून जगभर हेच चालू आहे.

याच थॉम्प्सन यांनी १९९२ साली रॉब पाइक यांच्याबरोबर न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात जेवता जेवता यूटीएफ-८ची मांडणी केली, तीही टेबलावरच्या कागदी मॅटवर. जगातल्या सगळ्या लिप्या एकाच पद्धतीनं साठवायची ही रीत आज जवळजवळ सगळीकडे वापरली जाते. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणून तर आज माझी सात ओळींची स्क्रिप्ट 'सुप्रभात' हा शब्द मराठीतच शोधू शकते. ओळी गाळायचं हत्यार आणि ते मराठीला लागू पडावं अशी सोय, दोन्हींमागे हा एक माणूस आहे, हे मला फार आवडतं.

तर मी तीन चाळण्या लावल्या.

पहिली चाळण: 'मीडिया ओमिटेड' असेल ती ओळ नको. १६,९०३ ओळी गेल्या.

दुसरी चाळण: ज्या ओळीच्या सुरुवातीला तारीख नाही ती नको. लांबलचक फॉरवर्ड, कविता, आरोग्याचे दहा सल्ले यांच्या शेपट्या अशाच असतात. पहिल्या ओळीला तारीख असते, पुढच्या ओळी नुसत्या. १३,२५० गेल्या.

तिसरी चाळण: ज्या ओळीत सुप्रभात, शुभ सकाळ, शुभ रात्री, गुड मॉर्निंग, वाढदिवस, अभिनंदन यांपैकी काही असेल ती नको. ८,७१९ गेल्या.

उरल्या ८,४४०. त्यांतून आकडे असलेल्या आणि 'दिले', 'पाठवले', 'जमा' असे शब्द असलेल्या ओळी वेचल्या. कुणी आकडे मराठीत लिहिले होते, कुणी इंग्रजीत, त्याची काळजी घेतली. ११७ ओळी हाती आल्या. डोळ्यांनी तपासून बेरीज केली. थोरले काका १,०५,०००. बाबा ९६,५००. धाकटे काका ७२,०००. एकूण २,७३,५००.

मिस्त्रींचे ३,१२,०००. म्हणजे ३८,५०० रुपये कुणी दिले त्याचा पत्ता नव्हता.

मी बाबांना कागद दिला आणि बाबांनी तो, थोडा विचार करून, दोघांनाही पाठवला. आगीत तूपच पडलं. धाकटे काका म्हणाले, ते राहिलेले माझेच, धरा की, म्हणजे एक लाख दहा होतात, मी म्हणत होतो तसे. थोरले म्हणाले, लिहिलेलं नाही ते दिलेलं नाही. धाकट्या काकूंनी ग्रुप सोडला. 'लेफ्ट' अशी बारीक राखाडी ओळ आली. तसल्या ओळीही मी कचरा म्हणूनच गाळत होते.

मला वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला, स्वतःचा. टेस्टिंगमध्ये आम्ही पहिली गोष्ट शिकतो ती ही की बेरीज जुळत नसेल तर आधी स्वतःची चाळण तपासावी, मग दुसऱ्यावर संशय घ्यावा. आणि मी माझी चाळण न तपासताच कागद बाबांच्या हाती दिला होता.

बाबांनी मिस्त्रींना विचारलं, हे ३८,५०० कशाचे? ते म्हणाले, "जिन्याच्या पायऱ्या आणि कठडा. फेब्रुवारी २०२३. रोख मिळाले." कोणी दिले ते त्यांच्या वहीत नव्हतं. बाबांना कठडा आठवत होता. दर रविवारी ते तो धरूनच वर जातात. धाकट्यानं पाठवलेल्या पैशांतून झाला असेल, असं ते धरून चालले होते.

मी मूळ फाइल पुन्हा उघडली. ३८,५०० शोधलं, नाही. स्वल्पविराम काढून शोधलं, नाही. 'पायऱ्या' शोधलं. सहा ओळी सापडल्या, पण त्या गडावर गेलेल्या भावंडांच्या होत्या. मग 'कठडा' शोधलं आणि ती ओळ समोर आली. ९ फेब्रुवारी २०२३, सकाळी ६ वाजून ४ मिनिटं. आत्या.

'सुप्रभात. जिन्याच्या तीन पायऱ्या बदलून घेतल्या, कठडा बसवला. साडेअडतीस हजार झाले, मी दिले. मिस्त्री चांगले आहेत. काळजी नसावी.'

एकाच ओळीत माझ्या सगळ्या चुका होत्या. सुप्रभातनं सुरुवात, म्हणून तिसऱ्या चाळणीनं टाकली. रक्कम अक्षरांत लिहिलेली, म्हणून आकड्यांच्या शोधात आली नसती. आणि 'पायऱ्या' हा शब्द तर समोर असूनही सापडला नव्हता. त्याचं कारण कळायला मला अर्धा तास लागला. आपला हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, त्यासाठी असलेलं खालच्या टिंबाचं वेगळं अक्षर वापरून. दुसरा, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारी जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. माझा कीबोर्ड एका रीतीनं लिहितो, आत्याचा दुसऱ्या. मराठीत शोधाशोध करणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं: दुसऱ्या, तुमच्याऱ्या नव्हे पण कुणाऱ्या, अशा गमती करत बसण्यापेक्षा आधी फाइलमधले दोन्ही प्रकार एकसारखे करून घ्यावेत, मग शोधावं.

हिशेब जुळला होता. मी बाबांना हाक मारणार होते. पण एक प्रश्न मनात आला. आत्यानं अचानक पायऱ्या का बदलल्या?

मी तिचं नाव घालून मूळ फाइल मागे मागे नेली. १६ जानेवारी २०२३.

'सुप्रभात. काल संध्याकाळी जिन्यावरून घसरले. मुका मार आहे, हाड शाबूत. काळजी नसावी.'

संक्रांतीचे दिवस. बडोद्यात उत्तरायण म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, अख्खं शहर गच्चीवर असतं. त्या दिवशी ग्रुपवर १४३ निरोप होते. तिळगुळाची चित्रं, पतंगांचे व्हिडिओ, उंधियूचे फोटो. त्या चौदाच्या आणि पंधराच्या संध्याकाळी आम्हीही गच्चीवर होतो, वीस मिनिटांवर. आत्याच्या निरोपानंतर चार मिनिटांनी माझाच निरोप होता. पतंगाचा फोटो असणार, कारण तिथे 'मीडिया ओमिटेड' असं लिहिलं होतं.

मग मी झोपले नाही. स्क्रिप्ट नव्यानं लिहायला घेतली.

या वेळी आधी तुटलेले निरोप जोडले: ज्या ओळीला तारीख नाही ती मागच्या ओळीला चिकटव, टाकू नकोस. कारण आत्याची सवय अशी की बऱ्याचदा ती सुप्रभात लिहून खाली नव्या ओळीवर मजकूर लिहिते. म्हणजे माझ्या दुसऱ्या चाळणीनं तिचा मजकूर फेकला होता आणि तिसरीनं तिचं नाव. दोन्ही मिळून ती ग्रुपमधून जवळजवळ पुसली गेली होती. मग प्रश्न बदलला. 'यात सुप्रभात आहे का?' असं विचारण्याऐवजी 'यातून सुप्रभात वजा केलं तर काही उरतं का?' असं विचारलं. उरलं तर ठेव. आणि शेवटी, जे टाकशील तेही वेगळ्या फाइलमध्ये लिही. त्या फाइलला मी नाव दिलं 'कोंडा'.

आत्याचे १,८४६ निरोप निघाले. १,६३४ नुसते सुप्रभात. उरलेल्या २१२ सुप्रभातांपुढे काहीतरी होतं. मी ते सगळे वाचले.

'सुप्रभात. हापसा बिघडला. शेजारून पाणी आणते.'

'सुप्रभात. आज मंडईत माझी एक विद्यार्थिनी भेटली. तिला नात झाली. मला पाया पडली, पेढे दिले.'

'सुप्रभात. पारिजातकाचा सडा पडला आहे. कोणी लहान असतं तर वेचला असता.'

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हाचे निरोपही होते. आपल्यापैकी अनेकांनी ते दिवस काढले आहेत. आमच्या ग्रुपवर त्या दोन दिवसांत रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ इतके फिरले की टोरांटोची भाची अजून बडोदं म्हणजे मगरी असं समजते. त्या व्हिडिओंच्या मधोमध होतं:

'सुप्रभात. पाणी गल्लीत आलेलं नाही. वीज दोन दिवस नाही. फोन बंद होईल, म्हणून सांगून ठेवते. काळजी नसावी.'

बाबांनी त्या दिवशी तिला फोन लावला होता, लागला नव्हता, आणि घरात सगळे हवालदिल झाले होते. उत्तर ग्रुपवर होतं. आम्ही कुणी वाचलं नव्हतं.

पहाटे केव्हातरी मला कळलं की मी इतके दिवस काय चुकीचं समजत होते. आजोबांच्या पेटीत जुनी पोस्टकार्डं आहेत. प्रत्येकावर आधी मायना, 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', मग दोन ओळींत काय ते काम, आणि शेवटी कळावे. आत्या त्याच वळणाची. तिचं सुप्रभात हा निरोप नव्हताच, तो मायना होता. आणि आम्ही एकतीस जण रोज मायना पाहून पत्र टाकून देत होतो. स्क्रिप्टनं ते एकदा केलं, आमचे अंगठे पाच वर्षं करत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून थेट तिच्याकडे गेले. ती ओट्याशी उभी राहून पीठ चाळत होती.

"आत्या, तू जिन्यावरून पडलीस तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. ग्रुपवर."

"अगं, पण फोन करायचास ना!"

"कशाला? खाली पाच जणांचे नमस्कार आले होते, दोन अंगठे. मला वाटलं, कळलं सगळ्यांना." ती सहज म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला सगळं सांगितलं, चाळण्या, हिशेब, काकांचं भांडण. ती शिक्षिकाच. तिला स्क्रिप्ट कशी चालते ते नीट समजून घ्यायचं होतं. समजल्यावर हातातली चाळण पुढे करून म्हणाली, "चाळण्यात काही चूक नाही गं. चाळल्याशिवाय पोळी नीट होत नाही. पण आमची आई कोंडा टाकायच्या आधी ताटात पसरून बघायची. एकदा तिच्या कुडीची फिरकी सापडली होती त्यात. तेव्हापासून रोज बघायची."

"आणि पुन्हा सापडलं काही?"

"नाही. पण बघायची."

मग पैशांचं विचारलं. तिला परत नको होते. म्हणाली, "मी राहते ना घरात? माझ्या पायांसाठी केलं." त्यावर बाबा फोनवर जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, कारण मी बाबांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी तेव्हाच दोन्ही भावांना फोन केला आणि दोघांना तिचे ते दोन निरोप वाचून दाखवले, आधी जानेवारीतला, मग फेब्रुवारीतला. थोरले काका बराच वेळ बोललेच नाहीत. धाकटे काका म्हणाले, "ताई पडली होती?" आणि मग कुणाचे सत्तर आणि कुणाचे लाख, हा विषय पुन्हा निघाला नाही.

तिघांनी मिळून तिचे पैसे परत केले. ३८,५०० भागिले तीन, प्रत्येकी १२,८३३. एक रुपया उरतो. तो मी दिला. आत्यानं बाकीचे पैसे घ्यायला आठवडाभर आढेवेढे घेतले, माझा रुपया मात्र लगेच घेतला. लग्नाला आम्ही सगळे हैदराबादला गेलो. आत्याही आली, आणि पायऱ्या चढताना तिचा हात धरायला इतकी माणसं पुढे झाली की ती वैतागली.

या अंकाचे बरेच वाचक माझ्या वयाचे आहेत, म्हणून दोन कामाच्या गोष्टी सांगून थांबते. तुम्हीही तुमच्या घरच्या ग्रुपवर अशी स्क्रिप्ट चालवून बघा, दहाबारा ओळींचं काम आहे. निरोप आधी जोडा, मग गाळा. शब्द दिसला म्हणून गाळू नका, तो वजा करून काय उरतं ते बघा. जे गाळाल ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि निदान एकदा वाचा. आणि ती फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवा, कुठल्या वेबसाइटवर चढवू नका. तिच्यात एकट्या तुमच्याच नव्हे, घरातल्या सगळ्यांच्या गोष्टी असतात. मी आधी विचारलं नव्हतं. नंतर ग्रुपवर सांगितलं आणि माफी मागितली.

स्क्रिप्ट अजून माझ्याकडे आहे, पण आत्यासाठी ती लागत नाही. ग्रुप अजून म्यूटच आहे, खोटं कशाला सांगू. फक्त सकाळी चहा घेताना तिचं सुप्रभात उघडते आणि खाली काही आहे का ते बघते. बहुतेक दिवशी काही नसतं.

आज होतं. 'सुप्रभात. हापशाला नवीन वॉशर घातला. रविवारी येणार असशील तर शेवयांची खीर करते. कळव.'

मी फोनच केला.